दिलेलं काम आणि असलेली कुवत

आज आपण बेसबॉलच्या सिम्युलेशन लीगबद्दल बोलू. लोक खऱ्या खेळाडूंचे संघ बांधतात आणि सामने फाशांवर किंवा संगणकावर खेळतात. 1961 सालचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा त्यातला जुना, नावाजलेला खेळ.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर; तो पाच-सहा डाव टाकतो. मागाहून येतो तो रिलीव्हर, बहुधा एका डावापुरता. स्टार्टरला रिलीव्हर केलं की दम राखून ठेवावा लागत नाही. वेग वाढतो, दोन प्रकारचे चेंडू पुरतात. उलटा प्रवास अवघड. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येतात, तेव्हा हाताशी आणखी काहीतरी लागतं. लीगवाल्यांचं गणित इथवर बरोबर आहे.

आमचा आक्षेप पुढे आहे. कार्डांच्या खेळात पिचरचा ‘दम’ ठरतो तो त्यानं गेल्या मोसमात किती टाकलं यावरून. ज्याला एकच डाव दिला, त्याचा दम एका डावाचाच लिहिला जातो. दिलेलं काम हीच त्याची कुवत धरली जाते!

जॉन स्मोल्ट्झ बघा. 1996 मध्ये स्टार्टर म्हणून 24 विजय. कोपराच्या शस्त्रक्रियेत 2000 चा मोसम गेला, मग तो रिलीव्हर झाला. 2002 मध्ये विजय राखून दिल्याचे 55 ‘सेव्ह’. 2004 मध्ये त्यानं जेमतेम 82 डाव टाकले. 2005 मध्ये पुन्हा स्टार्टर झाला आणि सव्वादोनशेच्या वर टाकले. 2004 चं कार्ड पाहून हे कुणी सांगितलं असतं का?

आता आपल्याकडे या. खापरखेड्याच्या खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिस बॉलवर वाढला. 2008 मध्ये रणजी, 2011 मध्ये कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू. 2018 च्या हैदराबाद कसोटीत शार्दुल ठाकूर 10 चेंडू टाकून जखमी झाला. वेगवान माऱ्याचा सगळा भार एकट्या उमेशवर आला, आणि त्यानं सामन्यात 10 बळी घेतले. टेनिस बॉलच्या दोन-दोन षटकांवरून हा दम कुणाला दिसला असता?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैदानांवरचे बहुतेक पोट्टे अशी दोन षटकंच टाकतात. ते सगळे रिलीव्हरच म्हणा ना! त्यांच्या वहीतले आकडे खोटे नाहीत, पण ते दोन षटकांचे आहेत. निवड करणाऱ्यानं आधी विचारावं, याच्या हाती लांब स्पेल कधी दिला होता का? दिला नसेल, तर आधी द्यावा आणि मग दम मोजावा.