सोळा बिटांचं कौतुक

घरगुती संगणकांबद्दल लिहिताना ‘काळाच्या पुढे होता’ हे वाक्य फार स्वस्त झालं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-९९/४ए (१९८१) बद्दलही ते म्हटलं जातं. स्पर्धक ८ बिटांवर असताना यात १६ बिटांचा टीएमएस ९९०० प्रोसेसर होता, हे खरं. पण त्याला थेट वापरता येणारी रॅम किती? २५६ बाइट! उरलेली १६ किलोबाइट व्हिडिओ चिपच्या ताब्यात. एकेक बाइट तिच्याकडे मागावा लागे. त्यात बेसिकचा इंटरप्रिटर स्वतःच दुसऱ्या इंटरप्रिटेड भाषेत लिहिलेला. मग बेसिक रखडणारच.

कमोडोरशी झालेल्या किंमतयुद्धावर खापर फोडणं सोपं आहे. ५२५ डॉलरचं यंत्र १९८३मध्ये १०० डॉलरच्या आसपास आलं. मात्र बाहेरच्यांची कार्ट्रिजं चालू नयेत अशी तजवीज कंपनीने त्याच वर्षी केली आणि ऑक्टोबरमध्ये हा धंदाच सोडला.

आठ बिटांची कमोडोर ६४, स्पेक्ट्रम ही यंत्रं टिकली, कारण त्यांच्यासाठी कुणीही प्रोग्रॅम लिहून विकू शकत होतं. इथे यंत्र घरात आलं, पण त्याची किल्ली कंपनीने स्वतःच्या खिशात ठेवली.