तिरकी रेघ आणि मोकळा समास : कॅरिल चर्चिल यांच्या छापील संहिता

कॅरिल चर्चिल यांचे एकही नाटक मी रंगमंचावर पाहिलेले नाही. गेली काही वर्षे वाचतो आहे ती त्यांची छापलेली पुस्तके. केवळ संहिता वाचून नाटककाराविषयी बोलू नये, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो बऱ्याच नाटककारांच्या बाबतीत रास्तही ठरेल. चर्चिल यांच्याबाबत मात्र छापील पानाचीही साक्ष काढावी लागते, असे माझे म्हणणे आहे. कोण बोलते आणि कोणाचे ऐकले जाते, हा त्यांच्या नाटकांतला मूळ प्रश्न. तो कथानकाइतकाच पानाच्या मांडणीतही दिसतो.

चर्चिल यांचा जन्म १९३८ सालचा, लंडनमधला. त्यांचे आरंभीचे बरेच लेखन नभोवाणीसाठी झाले. तिथे चेहरा नसतो. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. १९८०च्या ‘थ्री मोअर स्लीपलेस नाइट्स’पासून त्यांच्या संवादांत एक तिरकी रेघ येऊ लागली. वाक्यात ती जिथे येईल तिथून दुसऱ्या पात्राने बोलायला लागायचे. पहिल्याने मात्र थांबायचे नाही. लगतच्या बोलण्याऐवजी त्याच्याही आधीच्या बोलण्याला उत्तर असेल, तर तारकाचिन्ह. तेंडुलकरांच्या टिंबांमधली शांतता वाचायला आपण शिकलो. इथे गलका वाचायला शिकावे लागते.

‘टॉप गर्ल्स’ (१९८२) या नाटकात ही रेघ कामाला लागते. नोकरीत बढती मिळालेली मार्लीन मेजवानी देते. पाहुण्या आहेत दंतकथेतली पोप जोन, तेराव्या शतकातल्या जपानी दरबारातली लेडी निजो, एकोणिसाव्या शतकातली प्रवासिनी इझाबेला बर्ड, ब्रॉयगलच्या चित्रातली डल ग्रेट आणि चॉसरच्या कथेतली सोशिक ग्रिझेल्डा. यांतल्या चौघींची मुले मारली गेली आहेत किंवा हिरावली गेली आहेत. दुःख एका जातीचे, पण एकीची हकिगत संपायच्या आत दुसरीची सुरू होते. या प्रसंगाला स्त्रियांच्या भगिनीभावाचा सोहळा म्हणणे सोपे आहे. पानावरच्या रेघा मोजत गेले की तसे म्हणवत नाही.

याच प्रसंगात एक वेट्रेस आहे. तिला एकही वाक्य नाही. रंगमंचावर ती निदान दिसते. पुस्तकात ती रंगसूचनांपुरतीच उरते आणि वाचताना आपणही तिला ओलांडून जातो. मार्लीनच्या यशाचा हिशेब पुढे शेवटच्या अंकात मांडला जातो. अँजी ही मार्लीनचीच मुलगी, पण तिला वाढवले ते घरकामे करून पोट भरणाऱ्या जॉइसने, मार्लीनच्या बहिणीने. थॅचरबाईंवरून दोघी बहिणींचे कडाक्याचे भांडण होते. त्या भांडणाची पूर्वतयारी वेट्रेसच्या मौनात झालेली असते, हे मला दुसऱ्या वाचनात कळले.

पुढच्या काळात समासातली पात्रांची नावेच काही संहितांतून गेली. ‘सेव्हन ज्यूइश चिल्ड्रेन’ (२००९) हे गाझावरील हल्ल्याच्या वेळी लिहिलेले, जेमतेम दहा मिनिटांचे नाटक. एका लहान मुलीला काय सांगावे आणि काय सांगू नये, याचा काथ्याकूट मोठी माणसे करतात. मुलगी रंगमंचावर येतच नाही. बोलणारे किती, कोणते वाक्य कोणाचे, हे संहिता सांगत नाही. प्रयोगासाठी मानधन मागितले नव्हते. गाझातल्या लोकांच्या वैद्यकीय मदतीसाठी प्रेक्षकांकडून निधी गोळा करावा, अशी अट होती. नाटकावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला. त्या वादात पडण्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी : वाक्यांची वाटणी न केल्यामुळे करुणा एकाच्या आणि क्रौर्य दुसऱ्याच्या नावावर टाकून मोकळे होता येत नाही. वाटणी दिग्दर्शकाने करायची, आणि तिची जबाबदारीही त्याच्यावर.

‘लव्ह अँड इन्फर्मेशन’ (२०१२) या नाटकात हा मोकळेपणा टोकाला जातो. सात विभाग, पन्नासहून अधिक छोटे प्रसंग, बोलणाऱ्यांची नावे नाहीत. विभागांचा क्रम ठरलेला. विभागातल्या प्रसंगांचा क्रम बदलता येतो. इथे मात्र माझी तक्रार आहे. काही प्रसंग इतके तुटपुंजे आहेत की नटाचा देह मिळेपर्यंत ते चुटक्यांपलीकडे जात नाहीत. मौन राखणे वेगळे आणि काम दुसऱ्यावर सोपवणे वेगळे. ‘टॉप गर्ल्स’मधल्या वेट्रेसचे मौन लेखिकेने घडवलेले आहे, इथले काही प्रसंग नुसते सोडून दिलेले वाटतात.

अलीकडे ‘टॉप गर्ल्स’चा पहिला अंक मी एकदा फक्त वेट्रेसच्या सूचना शोधत वाचला. तिचे येणे, मागवलेले आणून देणे, जाणे. सहा बायकांच्या गलक्यात तिला वाक्य का मिळाले नसावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. तो मला पुस्तकानेच विचारला.