डोरी लहानपणी पिवळी होती का?

काही वर्षांपूर्वी विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात 'चित्रपटांतील विज्ञान' या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. उदाहरणादाखल मी 'फाइंडिंग डोरी' हा २०१६ सालचा ॲनिमेशनपट घेतला. पिक्सारने काढलेला आणि अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुलांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. डोरी ही त्यातली निळी मासोळी, टँग नावाच्या गटातली. या माशांच्या शेपटीच्या बुडाशी वस्ताऱ्यासारखा धारदार काटा असतो, म्हणून त्यांना सर्जन-मासेही म्हणतात. चित्रपटाच्या सुरुवातीला डोरी अगदी चिमुकली दिसते, आणि तेव्हाही ती निळीच असते.

"इथे चूक आहे," मी ठासून सांगितले. "हे मासे लहानपणी लिंबासारखे पिवळे असतात आणि मोठे होताना निळे होतात. चित्रपटवाल्यांनी अभ्यास केलेला नाही." शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतले.

चहाच्या सुट्टीत एक शिक्षिका जवळ आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "सर, आमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. हा मासा आम्ही आणला तेव्हा जेमतेम दोन बोटांएवढा होता. तेव्हाही तो निळाच होता."

बाईंचे बरोबर होते. म्हणून हे परीक्षण दोघांचे आहे: चित्रपटाचे, आणि त्याच्यावर माझ्यासारख्यांनी घेतलेल्या आक्षेपाचेही.

माझी चूक नावामुळे झाली. इंग्रजीत 'ब्लू टँग' या नावाने दोन निरनिराळे मासे ओळखले जातात. एक अटलांटिक महासागरातला, फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांपासून ब्राझीलपर्यंत आढळणारा अकँथुरस सेरुलियस. याची पिल्ले खरोखरच झगझगीत पिवळी असतात. मधल्या काळात अंग निळे झालेले आणि शेपटी मात्र पिवळी अशी गंमत दिसते. शेवटी सगळा मासा गडद निळा होतो. दुसरा मासा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सामोआपर्यंत पसरलेला पॅराकँथुरस हेपाटस. डोरी ही या जातीची. याचे प्रवाळावर राहायला आलेले पिल्लूही निळेच असते, शेपटी पिवळी आणि अंगावर काळी नक्षी. वाढताना रंगाची छटा आणि नक्षीचे प्रमाण थोडेफार बदलते, पण मूळ आराखडा तोच राहतो. 'डोरी लहानपणी पिवळी हवी होती' हा सर्रास ऐकू येणारा आक्षेप एका माशाची गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो. या बाबतीत चित्रपट बरोबर आहे आणि टीकाकार चूक आहेत.

तरीही अटलांटिकच्या त्या पिवळ्या पिल्लाला सोडून देऊ नये. शास्त्रीय नावातला 'सेरुलियस' म्हणजे निळा. हे नाव ब्लॉख आणि श्नायडर यांच्या १८०१ सालच्या ग्रंथातले. म्हणजे पिवळे पिल्लूही शास्त्राच्या वहीत 'निळा' म्हणूनच नोंदलेले आहे! याच ग्रंथाने एक फसगतही करून ठेवली. 'एंपरर' या देवमाशासारख्या भारदस्त नावाच्या, पण जेमतेम हातभर लांबीच्या एंजल माशाचे प्रौढ रूप ब्लॉख यांनीच १७८७ मध्ये वर्णिले होते. त्याचे पिल्लू गडद निळे, अंगावर पांढरी वर्तुळे असलेले. १८०१ च्या ग्रंथात ते निकोबार बेटांच्या नावाने स्वतंत्र जात म्हणून दाखल झाले. केवळ रंगावरून जात ठरवली की काय होते, याचा हा जुना धडा आहे.

घरी टाकी ठेवणाऱ्यांना हा धडा पैसे मोजून मिळतो. अकँथुरस पायरोफेरस नावाचा टँग लहानपणी सेंट्रोपायगी वंशाच्या बुटक्या एंजल माशांची हुबेहूब नक्कल करतो. कुठे पूर्ण पिवळा, कुठे राखट अंगाचा आणि काळ्या शेपटीचा, जसा आसपासचा नमुना तसा. त्या रंगावर भुलून लोक तो विकत घेतात. काही महिन्यांत तो तपकिरी होतो, कल्ल्यामागे नारिंगी डाग उमटतो आणि गोल शेपटी चंद्रकोरीसारखी होते. मालकाला वाटते, पाणी बिघडले किंवा दुकानदाराने फसवले. खरे तर मासा मोठा झालेला असतो. ज्याची नक्कल करायची तो एंजल मासा लहानच राहतो. नक्कल करणारा त्याच्याहून मोठा झाला की सोंग टिकत नाही. विशेष म्हणजे टाकीत नमुन्याचा मासा नसला तरी हा बदल होतो. बदलाची सूत्रे माशाच्या अंगातच आहेत.

मात्र टाकीतला प्रत्येक रंगबदल म्हणजे वाढ नव्हे, आणि वर्गात चर्चा करायची ती इथेच. रंग तीन निरनिराळ्या कारणांनी बदलू शकतो. पहिले कारण वाढीचे: बदल आठवड्यां-महिन्यांत होतो आणि मासा परत मूळ रंगावर येत नाही. दुसरे क्षणिक: त्वचेतल्या रंगपेशींमधले कण पसरले किंवा आखडले की छटा पालटते. हवाईचा पिवळा टँग रात्री फिकटतो, त्याच्या अंगावर पांढरट पट्टा उमटतो आणि उजाडले की तो पुन्हा पिवळा होतो. तिसरे कारण आबाळीचे: पिवळ्या-नारिंगी रंगांत भाग घेणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातून मिळावी लागतात. अन्न निकस असेल तर रंग विटतो. डोरीच्या निळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो मोरपिसाच्या निळ्यासारखा आहे. त्वचेतल्या पेशींत स्फटिकांचे अतिशय पातळ थर असतात, आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशातून निळा रंग दिसतो; निळे रंगद्रव्य तिथे नसते.

"टाकीतला मासा फिका पडला, कारण काय?" असे विचारून मुलांना थांबू द्यावे. बदल किती वेळात झाला, तो उलटतो का, अन्न बदलून पाहिले का, हे प्रश्न त्यांच्याकडूनच यायला हवेत. उत्तरापेक्षा हे प्रश्न सुचणे अधिक मोलाचे आहे.

आता चित्रपटाकडे वळू. मासे बोलतात, रडतात, शिंपल्यांच्या रांगा मांडून मुलीची वाट पाहतात, याला माझी हरकत नाही. आपल्या पंचतंत्रातले प्राणी तरी कुठे गप्प बसतात! ही मोकळीक उघड असते आणि मुलांना ती कळते. हरकत आहे ती गुपचूप शिरणाऱ्या समजुतीला. चित्रपटातली लहान डोरी म्हणजे मोठ्या डोरीची छोटी प्रत: डोळे मोठे, अंग लहान, बाकी सारे तसेच. 'वाढणे म्हणजे फुगणे' ही समजूत मुलांच्या मनात आधीपासून असते, आणि चित्रपट ती पक्की करतो. डोरीचा रंग चुकलेला नाही. तिच्या बालपणाचा आधीचा सगळा भागच गाळला गेला आहे.

टँग मासे अंडी खुल्या पाण्यात सोडतात आणि आईबाप निघून जातात. अंडी मिलिमीटरभराचीही नसतात. त्यांतून निघणारा डिंभ पारदर्शक असतो आणि प्रवाळापासून दूर, उघड्या समुद्रात काही आठवडे तरंगतो. पुढे तो प्रवाळाकडे येतो, आणि मग थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर रंग चढतो, आतडे लांबते, सूक्ष्म प्राणी खाणारा जीव शेवाळ खाणारा होतो. पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटावर पट्टेरी टँगवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की हे रूपांतर थायरॉइड संप्रेरकांच्या हुकमाने होते. बेडूकमाशाचा बेडूक करणारी संप्रेरके ती हीच. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक पाण्यात असले की हे रूपांतर बिघडते आणि शेवाळ खाण्याचे काम नीट होत नाही, असेही त्यात आढळले. शेवाळ चरणारे मासे कमी पडले की प्रवाळांवर शेवाळ माजते. हे औषध आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. माशाच्या बालपणाचा धडा असा शेतापर्यंत येऊन पोचतो.

आणखी एक विसंगती सांगण्याजोगी आहे. चित्रपटात डोरीचे बालपण कॅलिफोर्नियातल्या एका सागरी संस्थेच्या टाकीत, आईवडिलांजवळ जाते. चित्रपट जून २०१६ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा या जातीचे पिल्लू टाकीत अंड्यापासून वाढवल्याची बातमी अजून आलेली नव्हती. ती पुढच्याच महिन्यात फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आली. अडचण होती त्या पारदर्शक डिंभांच्या चिमुकल्या तोंडाची. त्यांत मावेल असे जिवंत खाद्य सतत पुरवणे अवघड होते. बाजारात मिळणारी 'डोरी' तोवर समुद्रातूनच पकडून आणलेली असे. घरच्या टाकीत बालपणाचा पहिला अंक आपल्याला दिसत नाही तो याचमुळे. मासा आपल्याकडे येतो तो रंग चढल्यावर.

तेव्हा चित्रपट वर्गात जरूर दाखवावा. तो मनोरंजक आहे, आणि विसराळू डोरीकडे पाहण्याची त्याची दृष्टी समजूतदार आहे. फक्त पाहून झाल्यावर मुलांना डोरीच्या बालपणाचे आधीचे चित्र काढायला सांगावे. कोऱ्या कागदावर पारदर्शक मासा कसा काढायचा, यावर ती अडतील. त्यांना अडू द्यावे. शेजारी आंब्याची तांबूस पालवी आणि जून हिरवे पान ठेवावे, डबक्यातला बेडूकमासा दाखवावा.

राहता राहिली त्या शिबिरातल्या वह्यांची गोष्ट. माझे चुकीचे वाक्य किती वर्गांत पोचले, कोण जाणे. टाकीजवळ बसून मासा पाहणाऱ्या बाईंनी मला सुधारले. त्या दिवशी सभागृहात परत जाऊन मी ते सर्वांसमोर सांगायला हवे होते, आणि सांगितले नाही. ती दुरुस्ती आज इथे नोंदवतो. ज्यांच्या वहीत ते वाक्य असेल, त्यांनी ते खोडावे.