नवी मुंबईची विकास योजना : भूमी, स्वामित्व आणि गावठाणे

विकास योजना अंमलात आल्यापासून 20 वर्षांच्या आत तिचे एकदा तरी पुनर्विलोकन व्हावे, असे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 38 मध्ये सांगितले आहे. नवी मुंबईत या दंडकाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सिडकोने केलेली योजना 1979-80 साली मंजूर झाली. महानगरपालिका 1 जानेवारी 1992 रोजी अस्तित्वात आली. आणि या महापालिकेची स्वतःची प्रारूप योजना, 2018 ते 2038 या कालखंडासाठीची, नागरिकांच्या हरकतींकरिता प्रसिद्ध झाली ती ऑगस्ट 2022 मध्ये. हा विलंब केवळ दप्तरदिरंगाईचा मानणे वरवरचे ठरेल. त्याचे मूळ या शहराच्या घडणीतच आहे.

मुंबईचा भार खाडीपलीकडे न्यावा ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा कौलही त्याच दिशेचा होता. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. शासनाने जमीन संपादन करावी, सिडकोने ती विकसित करून विकावी आणि येणाऱ्या पैशातून रस्ते, गटारे, शाळा उभाराव्यात, अशी ही रचना होती. शासनाचे बीजभांडवल जेमतेम 4 कोटी रुपयांचे. खरे भांडवल म्हणजे जमीनच. सरकारी तिजोरीवर फारसा बोजा न टाकता एवढे नगर उभे राहिले, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या युक्तीची एक किंमत होती. क्रीडांगण कोठे असावे हे ठरविणारा आणि त्याच जागेचा भूखंड विकणारा, हे दोघे एकच झाले.

1992 नंतर परिस्थिती अधिकच विचित्र झाली. नागरिकांना सोयी पुरविण्याचे कर्तव्य महापालिकेकडे आले, जमीन मात्र सिडकोकडेच राहिली. महापालिकेने एखाद्या मोकळ्या भूखंडावर रुग्णालयाचे आरक्षण दाखविले, की सिडकोच्या हिशेबी ते निविदेतून मिळावयाच्या उत्पन्नावर सोडलेले पाणीच ठरते. प्रारूप योजनेच्या निमित्ताने या दोन संस्थांत जो वाद झाला, त्याचे वर्णन बहुधा दोन कार्यालयांमधील चढाओढ असे केले जाते. ते अपुरे आहे. प्रश्न असा, की ज्याच्या हाती भूमी नाही त्याच्या आरक्षणाला बळ कशाचे? खाजगी मालकाच्या जमिनीबाबत तरी अधिनियमाने एक वाट आखून दिली आहे. कलम 127 प्रमाणे 10 वर्षे संपादन न झाल्यास मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि विहित मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण गळून पडते. एका सार्वजनिक संस्थेने दुसऱ्या सार्वजनिक संस्थेची जमीन बाजारभावाने विकत घ्यावी आणि तीही ज्या जनतेकडून ती मुळात संपादन केली गेली तिच्याच सोयीसाठी, हा व्यवहार तर्कदृष्ट्याही टिकणारा नाही. योजनेच्या चिकित्सकांनी येथे अधिक बोट ठेवावयास हवे होते.

लोकसंख्येच्या अंदाजाविषयी थोडक्यात. 2011 च्या जनगणनेत महापालिका क्षेत्रात 11 लाखांहून अधिक लोक होते. डिसेंबर 2020 मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली लागू झाली, आणि वाशीसारख्या जुन्या विभागांतील इमारतींच्या पुनर्बांधणीला वाढीव चटईक्षेत्र मिळू लागले. माणसे किती वाढावयाची हे नियमावलीने ठरवावे आणि त्यांच्यासाठी शाळा किती हव्यात हे योजनेने, अशी ही विभागणी आहे. दोहोंचा मेळ घातला गेल्याखेरीज पुनर्विलोकनाला अर्थ उरत नाही.

जमीनवापराच्या वर्गीकरणातील विसंगतीही अशीच बोलकी आहे. खाडीकाठच्या सखल भूमीत भरतीचे पाणी शिरू नये म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. कालांतराने ते गाळाने भरले व त्यांत कांदळवन वाढले. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने कांदळवन तोडण्यास मनाई झाली. तेव्हापासून त्याच जागेला नकाशा तलाव म्हणतो आणि कायदा वन. गाळ काढावा तर वनाची हानी, न काढावा तर पावसाळ्यात वस्तीत पाणी.

परंतु या योजनेची खरी कसोटी गावठाणांपाशी आहे. नवी मुंबईसाठी 95 गावांची शेते, मिठागरे संपादन झाली. गावठाणे तेवढी वगळली गेली. वगळणे हे त्यावेळी सौजन्य वाटले असेल. परिणाम मात्र असा झाला की आखीव नगराच्या मधोमध योजनेने स्पर्श न केलेली बेटे राहिली. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, आणि घरे गावठाणाच्या सीमेबाहेर, संपादित जमिनीवर सरकली. शासकीय भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव आहे. अनधिकृत बांधकामाला असे नाव शासनाने स्वतःच द्यावे, यातच गरजेचा हिशेब कोणी केला नव्हता याची कबुली आहे. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. त्यानंतर 1990 मध्ये साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तीतून भूखंड मिळाले, परंतु गावाला लागून वाढण्याची जागा मिळाली नाही. पुष्कळ भूखंड पुढे बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेले. ही घरे नियमित करण्याचे निर्णय पुढे वेळोवेळी शासन आदेशांनी झाले. म्हणजे जे नकाशाने करावयाचे, ते परिपत्रकांकडे सोपविले गेले.

यात वर्गीकरणाच्या पद्धतीचाही दोष आहे. निवासासाठी एक रंग, व्यापारासाठी दुसरा, उद्योगासाठी तिसरा, ही पद्धत घर आणि काम वेगळे असणाऱ्या समाजातून आली. दिवाळे वा सारसोळे येथील कोळी कुटुंबाचे अंगण सकाळी मासळी निवडण्याचे, दुपारी जाळी विणण्याचे आणि रात्री निजण्याचे असते. खाडीकाठी मासळी व जाळी वाळविण्याची मोकळी जागा कोणाच्याच मालकीची म्हणून नोंदलेली नसते, आणि म्हणूनच ती मोकळी, अर्थात विकण्यायोग्य, ठरते. पुढील 20 वर्षांच्या नकाशात त्या जागेला कोणता रंग मिळतो, हे अद्याप कोणत्याही हरकतीच्या सुनावणीत गौण मानण्याजोगे नाही.