अभिजात भाषा आणि अशुद्ध माणसे

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही त्याच दिवशी तो मिळाला. मी ज्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो तेथील महाविद्यालयातही पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली 2012 साली समिती नेमली गेली, तिने पुरावे गोळा केले आणि बारा वर्षांनी त्या कष्टाचे चीज झाले. या आनंदाची टिंगल करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही.

त्याच आठवड्यात मी अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. ऊसतोड कुटुंबातून आलेल्या एका मुलीने निबंधात 'आजी पानी आनायला गेली' असे लिहिले होते. माझ्या हातातील लाल पेन आपोआप चालले. 'पानी'भोवती एक गोल, 'आनायला'भोवती दुसरा, आणि समासात शेरा : 'अशुद्ध'. त्या उत्तरपत्रिकेखालीच तिची बोली-संकलनाची वही होती. आजीच्या तोंडचे ऐंशी शब्द तिने अर्थांसह लिहून आणले होते. उचल, कोयता, फड, मोळी, वाढे. त्या वहीवर मी दोन दिवसांपूर्वी 'उत्कृष्ट' असा शेरा दिला होता. एकाच टेबलावर, एकाच पेनाने, एकाच आजीच्या भाषेला मी एकीकडे वारसा म्हटले आणि दुसरीकडे चूक म्हटले. भाषाशिक्षण आणि भाषाजतन यांविषयीचे आपले सारे धोरण या दोन शेऱ्यांत सापडलेले आहे, असे मला वाटते.

मी स्वतः 'पानी' म्हणणाऱ्या घरातून आलो. आमच्या घराण्यात बी.ए.पर्यंत पोचलेला मी पहिला. पदवीच्या पहिल्या वर्षी मी आईला 'पानी नव्हे, पाणी' म्हणून दुरुस्त केले होते. ती काही बोलली नाही. फक्त माझ्या मित्रांसमोर बोलणे तिने त्या दिवसापासून कमी केले. भाषा मरते कशी, हे समजून घ्यायला मला त्यापुढे कोणत्याही अहवालाची गरज राहिली नाही.

आता या 'अशुद्ध' पानीची थोडी तपासणी करू. संस्कृतातील मूळ शब्द 'पानीय'. त्यात 'न' आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि तो प्रमाण मराठीने घेतला. उलट संस्कृतातील 'कर्ण' आणि 'पर्ण' यांत 'ण' आहे. प्रमाण मराठीने त्यांचे 'कान' आणि 'पान' केले. म्हणजे 'ण' चा 'न' पुण्याच्या मराठीने केला तर ते व्याकरण, आणि माझ्या आईने केला तर ते अज्ञान. हिंदीभाषक पंडित जन्मभर 'पानी' पितो, त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. बहुजनांच्या अनेक बोलींत 'ण' च्या जागी 'न' येतो तो नियमाने येतो, चुकून येत नाही. लेखनाचे नियमही काही आकाशातून पडलेले नाहीत. साहित्य महामंडळाचे जे नियम शासनाने 1962 साली स्वीकारले, त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. एका पिढीने छड्या खाऊन जे शुद्ध म्हणून पाठ केले, ते पुढच्या पिढीला चूक ठरले. नियम बदलता येतात. प्रश्न इतकाच की, ते कोणाच्या जिभेकडे पाहून बदलले जातात.

'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द जातिव्यवस्थेच्या देशात निरागस नसतात. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर सनातन्यांनी गोमूत्र-शेण ओतून ते तळे 'शुद्ध' केले. तेथे पाण्याचे शुद्धीकरण झाले, येथे 'पानी' या शब्दाचे होते. दोन्ही शुद्धीकरणांत गुन्हेगार एकच आहे, पाण्याजवळ आलेला माणूस.

हा वाद आजचाही नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, वाणीने संपन्न असे दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे तक्रार घेऊन येतात. नाना जातींतून आणि नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत, तेव्हा आम्ही ते छंदस् मध्ये बांधू का, असे ते विचारतात. बुद्ध त्यांना स्पष्ट नकार देतात आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा देतात. पुढे बुद्धघोषाने 'आपली भाषा' म्हणजे बुद्धाची मागधी, असा अर्थ लावला आणि त्यावर विद्वानांचा वाद आहे. परंतु छंदस् ला दिलेल्या नकाराविषयी वाद नाही. माझ्या माहितीतील हे सर्वांत जुने लोकाभिमुख भाषाधोरण आहे. ते ज्या भाषेत जपले गेले ती पाली मराठीबरोबरच अभिजात ठरली, याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे.

महाराष्ट्रात हीच तक्रार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी केली. जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांतील विचारांशी भिडण्याबरोबर त्यांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या व्याकरणाची आणि भाषेची टवाळी केली. माणसाच्या प्रश्नाला उत्तर नसले की त्याच्या शुद्धलेखनावर बोट ठेवायचे, ही रीत तेव्हापासून चालू आहे. जोतीरावांनी मात्र 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमक्या ठिकाणी बोट ठेवले होते. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाची जात आणि शिक्षकाची जीभ हा शिक्षणाचा मूलभूत प्रश्न आहे, हे त्यांनी इतक्या आधी ओळखले होते.

या पार्श्वभूमीवर आजची धोरणे पाहू. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत, घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले. वाक्य चांगले आहे. पण त्याच वाक्यात घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा आणि प्रादेशिक भाषा या चारही एका ओळीत बसवल्या आहेत आणि 'जेथे शक्य असेल तेथे' अशी पळवाटही ठेवली आहे. गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या मुलाला प्रमाण मराठीत शिकवले तरी कागदोपत्री हे धोरण पाळले जाते. 2011 च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची 19,569 नावे सांगितली. छाननी होऊन त्यांच्या 1,369 मातृभाषा झाल्या आणि शेवटी 121 भाषा उरल्या. दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषेला त्या यादीत स्वतंत्र नाव नाही. बंजारा-लमाणी हिंदीच्या पोटात घातली आहे. मराठीचे 8 कोटी 30 लाख भाषक मोजले गेले, पण त्यांत किती जणांचे घर 'पानी' म्हणते, याचा रकाना नाही. मोजणीत आम्ही मराठी असतो, परीक्षेत अशुद्ध असतो.

2020 सालीच महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. 16 एप्रिल 2025 रोजी पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून लादण्याचा शासननिर्णय निघाला, लोक खवळले, जूनमध्ये त्यात फेरफार झाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या विरोधात मीही होतो आणि त्याबद्दल मला खंत नाही. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादणे चूकच. पण मोर्चात चालताना मनात एक प्रश्न होता. वस्तीवरच्या मुलाला पहिलीच्या पुस्तकातली मराठी हीसुद्धा दुसरी भाषा असते. तिच्या लादण्याविरुद्ध कोणी कधी मोर्चा काढला आहे काय? आणि 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची भाषा शासनाने सुरू केली, तेव्हा तांड्यावरची शाळा बंद होणे हा मराठीवरचा घाला आहे, असे किती भाषाप्रेमींना वाटले?

संधींचेही तसेच आहे. अभिजात दर्जामुळे अध्यासने, पुरस्कार आणि संशोधन केंद्रे यांची दारे उघडतात. लीळाचरित्राच्या भूमीत, रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे सर्वांना खुली केली आहेत. हे काम मोलाचे आहे. पण जो भाषा रोज शिकवतो त्याची अवस्था काय? नेट-सेट, पीएच.डी. झालेली आमची मुले तासिका तत्त्वावर शिकवतात, उन्हाळ्यात बिनपगारी घरी बसतात आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभी राहतात. मी स्वतः नऊ वर्षे त्या रांगेत होतो. भाषेच्या दर्जाचा उत्सव करणारा समाज भाषेच्या शिक्षकाला तासावर मोजतो, यातील विसंगती कोणाला बोचत नाही.

आता एक आक्षेप, आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. आमची मुले बोलीतच ठेवायची काय? प्रमाणभाषा आणि इंग्रजी वरच्यांनी वापरायची आणि आम्ही आजीचे शब्द जपत बसायचे काय? हा आक्षेप खरा आहे. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषेपासून दूर ठेवणे हे गुलामीचे जुने हत्यार आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून मी स्पष्ट सांगतो. प्रमाण मराठी आमच्या मुलांना हवी, इंग्रजी तर हवीच हवी. मात्र प्रमाणभाषा त्यांना हत्यार म्हणून मिळावी, न्यायाधीश म्हणून नको. 'तुझे चुकले' असे सांगून शिकवणे वेगळे आणि 'घरी असे म्हणतात, अर्जात असे लिहितात, दोन्ही तुझेच आहे' असे सांगून शिकवणे वेगळे. पहिल्या पद्धतीत मुलगा एक भाषा शिकतो आणि आई गमावतो.

शिवाय बोली जतन करणे म्हणजे केवळ शब्द वेचणे नव्हे. 'कोयता' म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार, एवढे कोश सांगतो. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम दोघांना मिळून एक उचल देतो आणि ते एक कोयता म्हणून मोजले जातात. बाईचे वेगळे नाव नाही, वेगळी मजुरी नाही. हा अर्थ त्या मुलीच्या वहीत होता, कारण तिची आजी तो जगली होती. शब्द जपायचा आणि त्यातील शोषण सोडून द्यायचे, तर ते जतन काचेच्या कपाटातील जतन होईल. दलित साहित्याने हे केव्हाच ओळखले होते. 'गोलपिठा' 1972 साली आला, 'बलुतं' 1978 साली, 'उपरा' 1980 साली. कोणत्याही योजनेचे अनुदान नसताना या पुस्तकांनी महारवाड्याचे, मुंबईच्या गल्ल्यांचे, पालांचे शब्द छापून काढले. आणि ते वेदनेसकट, संतापासकट छापले. मराठीच्या जतनाचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात या लेखकांना पहिले पान द्यावे लागेल.

आणि पाली? बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर केलेले काम शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या 16 व्या खंडात आहे. एवढा संसार सांभाळून या माणसाने पालीसाठी वेळ काढला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतून मात्र मागच्या दशकात पाली वगळली गेली. सिंहासन द्यायचे आणि भाकरी काढून घ्यायची, असा हा सन्मान आहे. अभिजात पालीला जर खरोखर मान द्यायचा असेल, तर तिच्या शिक्षकांच्या जागा भरा आणि स्पर्धा परीक्षेत तिला परत आणा.

मराठीच्या बाबतीत मागण्या अवघड नाहीत. पहिली-दुसरीत मुलाचे बोलीतले उत्तर बरोबर धरा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'ण' आणि 'न' चा इतिहास शिकवा, म्हणजे हसणारे थांबतील. वस्तीवरची शाळा बंद करू नका. बोलीचे संकलन करताना सांगणाऱ्या बाईला 'निवेदक क्रमांक चार' करू नका. तिच्या संमतीने तिचे नाव छापा, तिच्या दिवसाची मजुरी द्या. भाषेच्या शिक्षकाला कायम करा.

ती उत्तरपत्रिका मी परत काढली. गोल पुसता येत नव्हते, लाल शाई होती. कापलेले गुण परत दिले आणि समासात लिहिले : 'तुझ्या आजीचे पानी बरोबर आहे. परीक्षेत पाणी असे लिहितात, तेही शिकून घे.' वर्गात मी तो शेरा मोठ्याने वाचला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर एक शब्द बोलला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्यातबी पानीच म्हनत्यात."

त्या वाक्यात मला एकही चूक सापडली नाही.