कारण न लिहिलेला ठराव

नांदेड-लातूरच्या माणसाला हायकोर्ट म्हणजे रात्रीची गाडी आणि सकाळचं औरंगाबाद. (आता छत्रपती संभाजीनगर, काका अजून औरंगाबादच म्हणतात.) भूसंपादनाच्या मोबदल्याच्या अपिलासाठी मी त्यांच्यासोबत दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांचा पहिला प्रश्न एकच, ‘वकीलसाहेब, आज जज कोण आहेत?’ जज तिथे येतात कसे, हे शोधायला मग मी कॉलेजियमचे ठराव वाचायला घेतले.

मुंबई हायकोर्टाचे दोन ठराव एकापाठोपाठ वाचून बघा. पहिला जानेवारी २०२३चा, सोमशेखर सुंदरेसन यांच्याबद्दल. फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांचं नाव सुचवलं होतं. ते सोशल मीडियावर मतं मांडतात म्हणून केंद्राने फेरविचार मागितला. ठरावात सरकारचा आक्षेप आहे आणि त्यावरचं उत्तरही: मतं मांडली म्हणून माणूस पक्षपाती ठरत नाही, आणि पक्षाशी संबंध दाखवणारं काही समोर आलेलं नाही. भाषा रुक्ष आहे, पण तिच्याशी वाद घालता येतो. नोव्हेंबर २०२३मध्ये ते न्यायाधीश झाले.

दुसरा २८ जुलै २०२५चा. तीन वकिलांची नावं, त्यात आरती साठे. त्या महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या, जानेवारी २०२४मध्ये त्यांनी ते पद सोडलं. रोहित पवारांनी आक्षेप घेतला, भाजपने राजीनाम्याकडे बोट दाखवलं. ठरावात मात्र फक्त प्रस्ताव मंजूर आणि नावं. नुसतं ‘फिक्स्ड’ लिहून कुणी कोड पाठवला, तर आमच्याकडे तो परत येतो. कोड चांगला असेलही. तपासणारा काय वाचणार?

राजकारणातून आलेला माणूस न्यायाधीश होऊच नये, असं मला वाटत नाही. कृष्ण अय्यर केरळात मंत्री होते आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेले. पण पहिल्या ठरावात पक्षसंबंध नसणं हा मुद्दा लिहिण्याइतका महत्त्वाचा होता. अडीच वर्षांनी तो उघडउघड समोर असताना त्यावर एक ओळही नाही, हे मला खटकतं. दरम्यान मापदंड बदलला का? ठराव वाचून कळायला मार्ग नाही.

कारण न देणं मुंबईला नवीन नाही. आणीबाणीत, १९७६मध्ये, अतिरिक्त न्यायाधीश यू. आर. लळीत यांना कायम केलं गेलं नाही. ते दिल्लीत वकिली करू लागले. २०२२मध्ये त्यांचे चिरंजीव सरन्यायाधीश झाले. तेव्हा निवडीची दोरी सरकारच्या हातात होती. १९९३नंतर ती न्यायाधीशांकडे आली, २०१४च्या सत्ताबदलानंतर आणलेला नियुक्ती आयोग सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये रद्द केला. इतकं भांडून मिळवलेल्या अधिकाराचा कागद असा मुका का?

काकांना पुढची तारीख मिळाली आहे. मागच्या वेळचे जज बदललेत, असं वकील म्हणाले.