टुचांकाचे रिते पाळणे

संगणकीय खेळ हा समीक्षेचा विषय नव्हे, असा एक समज आपल्या वाङ्मयीन वर्तुळात रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. जेथे पात्रे आहेत, कथानक आहे आणि बऱ्यावाइटाची निवड करण्याचा प्रसंग येतो, तेथे साहित्याचे निकष लागू होतातच. आपल्या धर्मग्रामांतील तरुण ज्या कथांपायी रात्री जागवतात, त्या कथा त्यांना काय शिकवतात हे पाहणे पालकांचे आणि धर्मगुरूंचेही कर्तव्य आहे. या दृष्टीने बायोवेअर या कॅनडातील संस्थेच्या ‘मास इफेक्ट’ या तीन खंडांच्या (२००७, २०१० व २०१२) विज्ञानकथेतील क्रोगन या लढवय्या परग्रहवासी जमातीचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

क्रोगन हे धिप्पाड, पाठीवर कुबड असलेले आणि हजार वर्षांहूनही अधिक जगू शकणारे जीव. त्यांचा टुचांका हा ग्रह हिंस्र श्वापदांनी भरलेला. अशा भूमीत तग धरायचा तर देह कणखर हवा आणि संतती विपुल हवी. पुढे अणुशक्ती हाती आली, तेव्हा त्यांनी ती एकमेकांवरच उगारली आणि ग्रहाची राखरांगोळी केली. उरली ती आपसांत झुंजणारी कुळे. वयात येणाऱ्या तरुणाने थ्रेशर मॉ या भूमीखालून उसळणाऱ्या अजस्र प्राण्यासमोर टिकून राहावे, हा त्यांचा दीक्षाविधी. त्या वेळी त्याच्यासाठी जीव द्यावयास सिद्ध असलेले सोबती बरोबर असावे लागतात. त्यांस ते ‘क्रांट’ म्हणतात. म्हणजे या रांगड्या संस्कृतीतही एकट्याच्या शौर्याला पुरते मोल नाही.

लढवय्या परक्यांची ठोकळेबाज चित्रे विज्ञानकथांत उदंड आहेत. या कथेचे वेगळेपण असे की, ही जमात अशी का झाली, हा प्रश्न ती विचारते. रॅक्नाय नावाच्या कीटकसदृश शत्रूपुढे प्रगत जमाती हतबल झाल्या, तेव्हा सलेरियन या बुद्धिमान जमातीने क्रोगनांना शस्त्रे व अंतराळयाने देऊन युद्धात लोटले. विजय मिळाला, त्यांचे स्मारकही उभे राहिले. परंतु सुपीक ग्रहांवर त्यांची संख्या अफाट वाढली; त्यांनी इतरांच्या वसाहती बळकावल्या आणि बंड पुकारले. तेव्हा सलेरियनांनी ‘जेनोफेज’ हा जनुकीय विकार निर्माण केला आणि टूरियन सैन्याने तो पसरवला. तेव्हापासून त्यांच्या हजार गर्भांमागे जेमतेम एक जीव जगतो.

बायबलच्या वाचकाला येथे निर्गमाचा पहिला अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. फारोला इब्री लोकांच्या शस्त्रांचे नव्हे, त्यांच्या पाळण्यांचे भय वाटले. शिप्रा आणि पुवा या सुइणींनी त्याची आज्ञा मोडली. क्रोगनांना मात्र अशी सुईण लाभली नाही. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा निषेध पोप पायस अकरावे यांनी १९३० साली ‘कास्ती कोन्नुबी’ या परिपत्रकात केला होता. आपल्या महाराष्ट्र विधिमंडळानेही १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा हा विषय केवळ दूरच्या तारकांचा आहे, असे कोणी समजू नये.

कथेतील सर्वांत सखोल पात्र मॉर्डिन सोलस हा सलेरियन शास्त्रज्ञ होय. क्रोगनांचे शरीर जेनोफेजवर मात करू लागलेले पाहून त्यानेच तो विकार नव्याने प्रभावी केलेला असतो. आपण गणित मांडून संहार टाळला, असा त्याचा दावा. पण टुचांकावरील एका पडक्या रुग्णालयात, उपायाच्या शोधापायी स्वतःचा देह प्रयोगांना देऊन मेलेली क्रोगन स्त्री त्याला दिसते आणि त्या शास्त्रज्ञाच्या ओठी प्रार्थनेसारखे शब्द येतात. शेवटी मनोऱ्यावर चढून तो उपाय सोडतो आणि तेथेच प्राण अर्पितो. पश्चात्तापाचे पर्यवसान प्रायश्चित्तात होते, हे इतक्या संयमाने क्वचितच दाखवले जाते.

दोषही सांगितले पाहिजेत. ज्यांच्या उदरातील जीव हिरावले गेले, त्या क्रोगन स्त्रिया पहिल्या दोन खंडांत जवळजवळ अदृश्य आहेत. तिसऱ्या खंडात ‘ईव्ह’ ही ज्ञानी स्त्री येते. दीक्षेसाठी गुहेत कोंडली गेली असता एका स्फटिकाने माती उकरून ती प्रकाशात आलेली असते. हा आवाज फार उशिरा ऐकू येतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. उपाय द्यावा की कपटाने निष्फळ करावा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. कपट केल्यास सलेरियनांचे लष्करी साहाय्य मिळते. शिवाय क्रोगनांचा नेता समंजस रेक्स असेल तर उपाय योग्य वाटावा आणि सूडाने पेटलेला रीव्ह असेल तर धोक्याचा, अशी रचना आहे. म्हणजे जन्माला येण्याचा हक्क चांगल्या वर्तनाच्या हमीवर अवलंबून ठेवला जातो. आमचा विरोध येथे आहे. काइनाने भावाचा खून केला. देवाने त्याला शिक्षा दिली, पण त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. जीविताची प्रतिष्ठा वर्तनाच्या आधीची आहे. क्रोगनांनी वसाहती उद्ध्वस्त केल्या, हे खरे. त्यांना रोखणे न्याय्यच होते. पण अपराध्याचा हात धरणे वेगळे आणि त्याच्या न जन्मलेल्या लेकराला शिक्षा देणे वेगळे.

हा खेळ १७ वर्षांखालील मुलांसाठी नाही, हे पालकांनी ध्यानी ठेवावे. मोठ्या मुलांवर मात्र केवळ डाफरून भागणार नाही. त्या मनोऱ्यापाशी तू कोणता निर्णय घेतलास आणि का, असे त्यांना विचारावे व त्यांचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.